घर सजवताना : दोघांची एक खोली

परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, की घरोघरी आवराआवर निघते आणि हॉलमध्ये झोपणाऱ्या मुलांना आता खोली द्यावी, असा विचार सुरू होतो. खोली म्हणजे अर्थातच दोघा भावंडांत मिळून एक! आपल्या दोन बेडरूमच्या ब्लॉकमध्ये तेवढेच जमते, आणि नीट मांडले तर ते पुरतेही. मात्र पलंग-पडद्यांच्या आधी, कोणती जागा कुणाची, हे ठरवायला हवे.

एरवी काय होते पाहा. "तू मोठी आहेस ना, मग दे त्याला!" असे म्हणता म्हणता थोरलीचे टेबल, तिचा खण, खिडकीजवळची जागा, सगळे एकेक करून धाकट्याकडे जाते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. धाकट्या भावाने रेघोट्या मारलेल्या वह्या घेऊन येणाऱ्या मुली पाहते. त्या तक्रार करीत नाहीत, पण मनात अढी बसते. म्हणून खोली कितीही लहान असो, प्रत्येकाला कुलपाचा एक खण आणि एक फळी द्याच. विचारल्याशिवाय तिथे भावंडाने हात लावायचा नाही, आणि आईनेही नाही!

आता जागेचा हिशेब. खोली १० फूट बाय १० फूट धरली, तर ६ बाय ३ फुटांचे दोन पलंग १०० पैकी ३६ चौरस फूट जागा खातात. त्यापेक्षा एका पलंगाखालून चाकांवर ओढून काढायचा दुसरा पलंग करून घ्या. दिवसा खेळायला जमीन मोकळी राहते.

एकावर एक पलंगांची मुलांना भारी हौस असते. पण आधी वर पंख्याकडे पाहा. वरची गादी जमिनीपासून ५ फुटांवर आणि मूल ४ फुटांचे असेल, तर उभे राहिल्यावर डोके ९ फुटांवर जाते. म्हणजे थेट पात्यांत! असा पलंग पंख्यापासून दूर ठेवता येत नसेल, तर छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावा. वर दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि सहा वर्षांखालचे मूल वर झोपवू नये.

मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली, की कपडे बदलायला आडोसा हवा. कोपऱ्यात दांडी ठोकून जुन्या साडीचा दुपदरी पडदा शिवला, की काम भागते. एकपदरी नको, दिवा लागला की आरपार दिसते.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या टेबलावर उजेड डावीकडून यावा. दोघांना वेगळे दिवे द्या, म्हणजे एकाचा अभ्यास चालू असताना दुसऱ्याची झोप मोडत नाही.

भिंतींना फिकट रंग बरा. आवडीनिवडीची हौस चादरींवर भागवावी. जुना तेलरंग मात्र कोरडा घासू देऊ नका, त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासूनच आली आहे. भिंत ओली करूनच घासायला सांगा आणि तोवर मुलांना खोलीबाहेर ठेवा.

सुताराला बोलावण्यापूर्वी जमिनीवर खडूने सगळे आखून पाहा; कपाटाचे दार कुठे अडते ते लगेच कळते. ही वाटणी धाकट्याला करू द्या आणि आपली बाजू आधी निवडायचा मान थोरलीला द्या. वाटणी कशी चोख होते ते पाहा!