कोल्डप्लेचा महादौरा: अल्बमसाठी दौरा की दौऱ्यासाठी अल्बम?

१२ सप्टेंबर २०२५ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये ब्रिटिश रॉक बँड 'कोल्डप्ले'चा ओळीने दहावा कार्यक्रम झाला आणि साडेतीन वर्षं जगभर फिरत असलेला 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' दौरा थांबला. मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकातल्या सॅन होजे शहरातून निघालेला हा दौरा जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही तीन रात्री मुक्कामाला होता. गायक ख्रिस मार्टिनने मोडक्यातोडक्या मराठीत प्रेक्षकांचं कौतुक केलं, त्याचे व्हीडिओ आठवडाभर फिरत होते. त्याआधी तिकिटांसाठी उडालेली झुंबड तर बँडचं नावही न ऐकलेल्यांच्या कानावर गेली होती.

सव्वादोनशेच्या आसपास कार्यक्रम, सुमारे एक कोटी तीस लाख तिकिटं आणि जवळपास दीड अब्ज डॉलरची तिकीटविक्री, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण तेरा हजार कोटी रुपये. रॉक बँडच्या एका दौऱ्याने अब्ज डॉलरचा आकडा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. सगळ्या प्रकारच्या संगीतात याच्या पुढे फक्त टेलर स्विफ्टचा 'एराज टूर' आहे. त्याने १४९ कार्यक्रमांत दोन अब्ज डॉलर ओलांडले.

या दौऱ्याला नाव मिळालं ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या अल्बमवरून. कागदोपत्री हा त्या अल्बमच्या प्रचाराचा दौरा. पण नेरूळला आलेले लोक त्या अल्बमसाठी आले होते का? 'माय युनिव्हर्स'सारखं एखादं गाणं सोडलं, तर स्टेडियमने एका सुरात गायली ती 'यलो', 'द सायंटिस्ट', 'फिक्स यू', 'व्हीवा ला व्हिडा' ही जुनी गाणी. त्यातली काही तर पंचवीस वर्षांपूर्वीची.

मग नव्या अल्बमचा आणि दौऱ्याचा संबंध नेमका उरलाय काय?

आधी गणित कसं होतं?

कॅसेट आणि सीडीच्या काळात पैसा रेकॉर्डिंगमध्ये होता. बँड अल्बम काढायचा, कंपनी तो बाजारात आणायची आणि बँड गावोगाव गाऊन त्याची जाहिरात करायचा. नव्या बँडचे दौरे अनेकदा तोट्यातच जायचे. रेकॉर्ड कंपनी दौऱ्याचा खर्च उचलायची आणि पुढे मानधनातून कापून घ्यायची. तिकीट स्वस्त ठेवण्यात सगळ्यांचाच फायदा होता, कारण ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन अल्बम विकत घेईल, अशी अपेक्षा असायची.

१९९९ मध्ये 'नॅपस्टर' आलं, गाणी फुकट मिळू लागली आणि हे गणित मोडलं. रेकॉर्डिंगमधून जगभर होणारी कमाई त्यानंतर दीड दशक घसरत राहिली. डेव्हिड बोवीने २००२ मध्येच सांगून ठेवलं होतं की, संगीत नळाच्या पाण्यासारखं होणार आहे, तेव्हा कलाकारांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अॅलन क्रूगर यांनी पुढे या विचाराला 'बोवी सिद्धांत' असं नावच दिलं.

स्ट्रीमिंगने उद्योगाचं उत्पन्न पुन्हा वर आणलं हे खरं. पण एकदा गाणं ऐकलं की हक्कधारकांच्या वाट्याला साधारणपणे अर्ध्या सेंटहूनही कमी रक्कम येते. दहा लाख वेळा ऐकलं गेलं, तर तीन-चार हजार डॉलर. त्यातून लेबल, गीतकार, संगीतकार यांचा वाटा गेला की चार जणांच्या बँडकडे काय उरणार? कोल्डप्लेसारख्यांना अब्जावधी वेळा ऐकलं जातं म्हणून त्यांचं भागतं. बाकीच्यांचं पोट मंचावरच भरतं.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. लावणीच्या पार्ट्या असोत की गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, आपल्याकडे कलाकाराचं घर कायम सुपारीवरच चाललं. कॅसेट असायची ती पुढच्या सुपाऱ्या मिळाव्यात म्हणून. पाश्चात्त्य रॉकवाले फिरून त्याच जागी आले आहेत, फक्त त्यांची सुपारी अब्जांची आहे.

मग अल्बम काढायचाच कशाला?

कारण लागतं म्हणून. नवा अल्बम म्हणजे नवी बातमी, मंचाची नवी सजावट, नवे टी-शर्ट आणि 'आताच का?' या प्रश्नाला तयार उत्तर. पण ते कारण किती पातळ झालंय ते पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'यूटू' आले, ते १९८७ सालचा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम अख्खा वाजवायला. २०२५ मध्ये 'ओएसिस' सोळा वर्षांनी एकत्र आले, तेही नव्या अल्बमशिवाय. खुद्द कोल्डप्लेने दौऱ्याच्या मध्येच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, 'मून म्युझिक' हा पुढचा अल्बम काढला. दौऱ्याचं नाव मात्र बदललं नाही. जुन्या अल्बमच्या दौऱ्यातच नव्याची गाणी जाऊन बसली.

माझ्या मते आजचा मोठ्या बँडचा अल्बम ही निमंत्रणपत्रिका झाली आहे, लग्न स्टेडियममध्ये लागतं. आणि पत्रिका फुकट असली तरी लग्नात शिरायला तिकीट लागतं. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

तिकीट नेमकं कितीचं?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बाराला 'बुकमायशो'वर नवी मुंबईच्या कार्यक्रमांची विक्री सुरू होणार होती. त्याआधीच वेबसाइट आणि अॅप कोलमडलं. नंतर रांगेत लाखोंचे क्रमांक दिसू लागले. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिकिटासाठी प्रयत्न करणाऱ्यांची संख्या कोटीच्या वर होती. तिसरा कार्यक्रम वाढवला, तरी मागणी आणि खुर्च्या यांचा मेळ बसणं शक्यच नव्हतं.

अधिकृत दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते. काही तासांतच पुनर्विक्रीच्या वेबसाइटवर तीच तिकिटं लाखांच्या घरात दिसू लागली. ज्यांच्या हाती अजून तिकीट नव्हतं, असे लोकही ती 'विकत' होते. बुकमायशोने पोलिसांत तक्रार केली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्याच अधिकाऱ्यांना चौकशीला बोलावलं आणि ऑक्टोबरमध्ये अंमलबजावणी संचालनालयाने पाच शहरांत छापे टाकले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. काळ्या बाजाराला आळा घालण्यासाठी नियम करावेत, अशी मागणी करणारी जनहित याचिका न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. असे नियम करणं हा सरकार आणि विधिमंडळाचा प्रांत आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

आता या व्यवहाराकडे जरा थंड डोक्याने पाहू. पन्नास हजार खुर्च्या आणि कोटभर इच्छुक असतील, तर तिकिटाची बाजारातली किंमत छापील दरापेक्षा कितीतरी जास्त असणारच. मधला फरक कुणाच्या तरी खिशात जातो. बँड घेत नसेल, तर दलाल घेतो.

'डायनॅमिक प्रायसिंग'चा जन्म याच तर्कातून झाला. मागणी वाढेल तसा दर वाढवायचा, विमानाच्या तिकिटासारखा. ऑगस्ट २०२४ मध्ये ओएसिसच्या तिकिटांसाठी तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबलेल्यांना शेवटी दीडशेच्या आसपासचं तिकीट साडेतीनशे पौंडांहून जास्त किमतीला दिसलं, आणि ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की स्पर्धा नियामकाने चौकशी सुरू केली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यात काही चूक नसेल. पण चाहता हा काही विमानाचा प्रवासी नसतो. वीस वर्षं ज्यांची गाणी ऐकली, तेच आपल्या प्रेमाचा भाव लावत आहेत, हे त्याला खुपतं.

बँडच्या हाती काहीच नाही, हेही खरं नाही. 'द क्युअर'च्या रॉबर्ट स्मिथने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात डायनॅमिक प्रायसिंग नाकारलं आणि तिकिटाइतकंच जादा शुल्क लावणाऱ्या 'तिकीटमास्टर'ला काही रक्कम परत करायला लावली. कोल्डप्लेने प्रत्येक कार्यक्रमाची काही तिकिटं 'इन्फिनिटी' नावाने सुमारे वीस युरोत ठेवली. दोनच्या जोडीत मिळणारी, आणि जागा कुठली हे कार्यक्रमाच्या दिवशीच कळणारी. कोटभर लोकांपुढे हा उपाय चिमूटभरच, पण त्यातून एक गोष्ट दिसते: स्वस्त तिकीट देणं हा बँडने घेतलेला निर्णय असतो.

खोलवर इलाज कायद्याचाच आहे. 'पर्ल जॅम'ने १९९४ मध्ये तिकीटमास्टरच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली, पुढच्या वर्षी न्याय विभागाने चौकशी गुंडाळली. २०१० मध्ये तिकीटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी 'लाइव्ह नेशन' एकत्र झाल्या, आणि मे २०२४ मध्ये त्याच न्याय विभागाने या कंपनीवर खटला भरला. म्हणजे तक्रार जागीच होती, तीस वर्षं गेली. ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट पुन्हा विकण्यावर बंदी आणण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे छापे पडले. पण पुनर्विक्रीचा दर किती असावा, हे छाप्यांनी ठरत नाही.

आणि पर्यावरणाचं काय?

२०१९ मध्ये 'एव्हरीडे लाइफ' हा अल्बम आला तेव्हा मार्टिनने सांगितलं होतं की, पर्यावरणाला न झेपणारा दौरा आपण करणार नाही. पुढच्या दौऱ्यात प्रेक्षकांच्या नाचण्यातून वीज बनवणारी जमीन, सायकली, परत घेतले जाणारे मनगटी दिवे हे सगळं आलं. २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत प्रत्येक कार्यक्रमामागचं थेट कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटल्याचं बँडने २०२४ मध्ये जाहीर केलं. 'थेट' हा शब्द महत्त्वाचा. अहमदाबादच्या कार्यक्रमांसाठी मुंबईहून खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या, विमानं भरून गेली. मोठ्या दौऱ्याच्या धुराचा मोठा वाटा चाहत्यांच्या प्रवासाचा असतो, आणि तो थेट हिशेबात येत नाही.

लहान मंचांचं काय?

अहमदाबादला एका रात्री लाखाहून जास्त लोक जमले. दोनच दिवसांनी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी भुवनेश्वरच्या भाषणात कोल्डप्लेचं उदाहरण देत 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'कडे लक्ष द्या, असं राज्यांना सांगितलं. हॉटेलं, टॅक्सी, खाणंपिणं यांना अशा कार्यक्रमांतून पैसा मिळतो, यात वाद नाही. पण चाहत्याने वर्षभराचं बजेट एका स्टेडियमच्या रात्रीवर उडवलं, की गावातल्या बँडला ऐकायला त्याच्याकडे काय उरतं?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न उघडपणे विचारला जातो, कारण तिथली छोटी संगीतघरं भराभर बंद पडत आहेत. कोल्डप्लेनेही सुरुवात अशाच लहान जागांतून केली होती. म्हणून २०२५ च्या वेम्ब्ली आणि हल इथल्या कार्यक्रमांतली आपली दहा टक्के कमाई बँडने लहान संगीतघरांसाठी काम करणाऱ्या 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट'ला देऊ केली. मोठ्या कार्यक्रमांच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड या घरांसाठी बाजूला काढावा, ही मागणीही तिथे जोर धरते आहे.

मुंबईत धोबी तलावाचं रंगभवन हे असं घर होतं. १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' तिथेच सुरू झालं आणि देशभरच्या बँडना उघड्यावर, स्वस्त तिकिटात, जाणकार गर्दीसमोर वाजवायला मिळालं. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि तिथले रॉकचे कार्यक्रम थांबले. लोअर परळचं 'ब्लू फ्रॉग' २००७ मध्ये उघडलं, २०१६ मध्ये बंद झालं. 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'ची चर्चा सुरू झाली ती स्टेडियम आणि परवानग्यांवरून. शे-दोनशे माणसांच्या खोल्यांचं नाव त्या चर्चेत अजून कुणी फारसं काढलेलं नाही.