‘लोका’ची नीली आपलीच, पण अय्यनकाली कुठे आहेत?

सुपरहिरोच्या सिनेमातही जात शोधायची, तुम्हा आंबेडकरवाद्यांना दुसरं काही सुचत नाही का? ‘लोका चॅप्टर १: चंद्रा’ आम्हाला आवडला आणि का आवडला हे सांगितल्यावर हाच प्रश्न आला. विचारणारे मित्र स्वतःला पुरोगामी म्हणवतात. म्हणून उत्तर जाहीरपणे देतो.

पहिली गोष्ट, जात आम्ही शोधलेली नाही, ती पडद्यावरच आहे. डॉमिनिक अरुण यांच्या या मल्याळम सिनेमाची नायिका चंद्रा, म्हणजे केरळच्या लोककथेतली कळियंकाट्टु नीली. लोककथेत ती रक्त पिणारी यक्षी आहे. कडमट्टत्तु कत्तनार नावाच्या पाद्र्याने मंत्रबळाने काबूत आणलेली. सिनेमाने ही गोष्ट उलटी फिरवली. इथे नीली आदिवासी पोर आहे. देवळात पाऊल पडलं म्हणून राजा तिच्या माणसांची कत्तल करतो. तिची शक्ती आणि तिचा राग या कत्तलीतून जन्मतो. कत्तनार तिला धरायला येतो, पण तिचं म्हणणं ऐकून तिच्या बाजूने उभा राहतो.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच राक्षस ठरवायचं, ही ब्राह्मणी पुराणांची जुनी रीत आहे. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त तीच उघडी पाडली आणि बळीराजाला आपला न्यायी राजा म्हणून समोर आणलं. ‘लोका’ प्रदर्शित झाला तोही ओणमच्या तोंडावर, म्हणजे केरळ बळीराजाचं स्वागत करतं त्या दिवसांत. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या या परंपरेसाठी. ‘नुसती मजा घ्या’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, ती कत्तल काढून टाकली तर चंद्राकडे उरतं काय? उड्या आणि मारामारी.

आता दुसरी बाजू. ती आपल्याच पोरांसाठी आहे. ‘आपली सुपरहिरो आली’ म्हणून स्टेटस ठेवणाऱ्यांनी जरा थांबावं.

सिनेमात जात आहे ती फक्त भूतकाळात. राजा, मशाली, देऊळ, जंगल. चंद्रा आजच्या बंगळुरूत येते आणि जात गायब होते. समोर उभे राहतात अवयवांची तस्करी करणारे गुंड आणि बाईचा द्वेष करणारा पोलीस इन्स्पेक्टर. ते खरे शत्रू आहेत, वाद नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात राहणाऱ्या चंद्राला कुणीच आडनाव विचारत नाही? पुण्या-मुंबईत खोली शोधताना आपल्यापैकी किती जणांना ‘ते आडनाव म्हणजे कुठले?’ हे ऐकावं लागलंय, हिशेब करा. जात म्हणजे राजेमहाराजांच्या काळातली गोष्ट, आता सगळे समान, हा सवर्ण मध्यमवर्गाचा लाडका समज आहे. सिनेमा त्याला धक्का लावत नाही. म्हणून तर तोच प्रेक्षक नीलीसाठी हळहळतो आणि घरी येऊन आरक्षणावर तोंड सोडतो.

आणखी एक. नीलीला न्याय मिळतो तो अद्भुत शक्ती अंगात आल्यामुळे. ती एकटी आहे, अमर आहे. तिच्या वस्तीतल्या बाकीच्यांनी काय करायचं? मरायचं?

खऱ्या केरळात त्यांनी काय केलं, ते बघा. अय्यनकाली नावाचा पुलया जातीतला माणूस १८९३ साली बैलगाडीत बसून त्रावणकोरच्या सार्वजनिक रस्त्यावर निघाला. त्या रस्त्यावर त्याच्या जातीला मज्जाव होता. हल्ले झाले, त्यांनी प्रतिकार केला. १९०७ साली त्यांनी साधुजन परिपालन संघम उभा केला. आमच्या लेकरांना शाळेत घ्या म्हणून शेतमजुरांनी जमीनदारांच्या शेतावरचं काम बंद पाडलं. पंचमी या पुलया मुलीला अय्यनकाली शाळेत घेऊन गेले तेव्हा सवर्णांनी शाळाच जाळली. तरी चळवळ थांबली नाही. १९३६ साली त्रावणकोरच्या राजाला मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा काढावा लागला. इकडे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आणि १९३० साली काळारामाच्या दारात हजारो माणसं उभी केली. त्यातल्या एकालाही उडता येत नव्हतं.

अय्यनकालींचा जन्म २८ ऑगस्ट १८६३ चा. ‘लोका’ प्रदर्शित झाला २८ ऑगस्ट २०२५ ला. तारीख मुद्दाम निवडली असं आम्ही म्हणत नाही. पण सिनेमा पाहून बाहेर आलेल्या आपल्या किती पोरांना हे माहीत होतं? आमच्या गटातल्या नऊपैकी दोघांना. चूक सिनेमावाल्यांची नाही, आपली आहे. आपण जयंतीला डीजे लावतो, पण अय्यनकालींवर एक अभ्यासवर्ग घेत नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. ‘लोका’ जरूर पाहा, पोरींना तर नक्कीच दाखवा. दुसऱ्या दिवशी विहारात बसा, मोबाईल बाजूला ठेवा आणि त्याच पोरींना पंचमीची गोष्ट सांगा. मग त्यांनाच विचारा, दोघींपैकी जास्त धाडसी कोण?

जय भीम!