शेठजींची मोटार वारसा, एसटी भंगार?

परवा नातवाला सांगत होतो, एसटीत कंडक्टर डोक्यावरची दोरी ओढायचा, घंटी वाजायची, मग गाडी हलायची. तो म्हणाला, "आबा, दाखवा ना!" आता कुठे नेऊन दाखवू?

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे लाल डबा आला, १९८२ च्या दिल्लीच्या खेळांनंतर 'एशियाड' आली. जुन्या गाड्या रस्त्यावरून काढा, माझी ना नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच पुढे चालू होत नाही, तेही ठीक. पण प्रत्येक प्रकारची एकेक गाडी राखायला काय हरकत आहे? २०२१ चे विंटेज नियम पाहा. पन्नास वर्षांच्या, मूळ रूपातल्या, खासगी दुचाकी-चारचाकींना मान. गावोगावच्या पोरांना शाळेत पोचवणारी एसटी त्यात बसत नाही! त्या नियमांत बसही घाला.

"खर्च कोण करणार?" असं विचारतात. अहो, दापोडीच्या कार्यशाळेत एसटी स्वतः गाड्या बांधत आली आहे. पैसा उद्याही उभा राहील. पत्रा ठोकणारे, रिबिट मारणारे ते जुने हात उद्या मिळणार नाहीत.

आणि कृपा करून रंग फासून चौथऱ्यावर उभी करू नका. चार पावसाळ्यांत गंजेल. इंजिन चालतं ठेवा, दर १ जूनला पुण्याहून नगरला (आता अहिल्यानगर) एक फेरी काढा. पहिलं तिकीट मी घेईन. पूर्ण पैसे देऊन, ज्येष्ठांची सवलत न मागता!