नाताळ आणि टिळक दांपत्य

भुसावळ हे आगगाड्यांचे गाव. येथील ख्रिस्ती घरांवर नाताळाच्या चांदण्या लागल्या, की आम्हांस आगगाडीतीलच एक भेट आठवते. १८९३ साली नारायण वामन टिळक राजनांदगावास निघाले असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने या ब्राह्मण कवीचे चित्त वेधले आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सणाच्या चांदण्या आठवड्याभरात उतरतात. टिळकांस लाभलेला आनंद उतरला नाही. परंतु त्याचे मोल घरानेही मोजले. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे विलग राहिल्या. 'स्मृतिचित्रे'तील त्या दिवसांची हकीकत वाचून कोणत्याही हिंदू गृहिणीचे डोळे पाणावतील. (आणि मध्येच हसूही फुटेल, ही लक्ष्मीबाईंची किमया!) पुढे त्या पतीकडे परतल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी तुकोबांस मात्र अंतर दिले नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते म्हणत. वारकरी विठाईस आळवितो, तसे त्यांनी ख्रिस्तास माउली म्हणून आळविले. अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत नेले. १९१९ साली ते निवर्तले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात लेखणी उचलली. त्या महाकाव्याचे बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत.