पान्यांची पेटी

परवा भाच्याचा फोन आला. यंदा त्याने जुना ट्रक घेतलाय. जुना म्हणजे दहा टायरी, चेसिस बरी, बाकी देव जाणे. दिवाळीनंतर पाटोद्याहून टोळी घेऊन उसाला जायचं, त्याआधी गाडीत ठेवायला हत्यारं हवीत.

"मामा, मोबाइलवर एक सेट बघितलाय. ४६ वस्तू, प्लॅस्टिकच्या डब्यात, हजाराच्या आत. मागवू का?"

मी म्हटलं, मागव, पण घरी ठेव. पोरांच्या सायकलला चांगला आहे.

तो जरा नाराज झाला. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. तो वाचेलच, त्याची आई तर नक्की वाचेल :-)

तो ४६ वाला सेट मी हाताळलाय. त्यातल्या गोट्या ४ नंबरपासून १४ पर्यंत, दांडा पाव इंची, आणि उरलेली संख्या भरते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकांनी. ट्रकला १४ च्या खाली काय असतं? आरसा, एखादी पट्टी, क्लिपा. रस्त्यात गाडी उभी राहते ती यांच्यामुळे नाही. पाट्यांचे यू-बोल्ट, प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट, चाकाचे नट, ही खरी दुखणी. आपण मात्र वस्तू मोजतो आणि सेट मोठा समजतो.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत हट्टाने आप्पांबरोबर गाडीत बसलो होतो. गाडी त्यांचीच, कर्जाची. मागे टोळी: बायका, माणसं, पोरं, भांडी, चुलीचं सरपण, दोन शेळ्या, कोंबड्या. जामखेड गेलं, करमाळा गेलं, आणि टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी एका अंगावर कलल्यासारखी झाली. आप्पा बॅटरी घेऊन खाली गेले. यू-बोल्टचा नट ढिला होऊन पाटे सरकले होते. पेटीत मोठा फिक्स पाना होता, जत्रेतून घ्यावा तसा घेतलेला. आप्पांनी जोर लावला आणि पान्याचं तोंडच फाकलं. मग स्क्रू पाना लावला. त्याने नटाचे उरलेसुरले कोपरेही खाल्ले.

रात्र तिथेच काढली. तीन दगड मांडून चूल पेटली. थंडी अशी की शेळ्यासुद्धा माणसांना चिकटून बसल्या. एका बाईचं तान्हं रात्रभर खोकत होतं आणि आप्पा गाडीखालून बाहेर यायला तयार नव्हते. काम काहीच नव्हतं खाली. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, एवढंच. पहाटे एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने न विचारताच छिन्नी-हातोडा काढला, तो नट फोडला, स्वतःजवळचा नट दिला, आणि रिंग पान्याच्या दांड्यात पाइप घालून आवळला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

त्या हंगामाचा हिशोब झाल्यावर आप्पांनी घरात पहिली वस्तू आणली ती ३०-३२ चा रिंग पाना. आईने महिनाभर ऐकवलं.

आता जरा हिशोब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड टन तोडते असं धरा. दहा कोयत्यांचा एक दिवस बुडाला तर पाच हजारांच्या वर गेले. आणि हे गाडीमालकाचे नाहीत, टोळीचे. उचल घेतलेली असते, ती दिवस बुडाला म्हणून कमी होत नाही. पाने विकत घेताना ज्यांना कुणी विचारलं नाही, ते त्याची किंमत भरतात. माझा राग आहे तो यावर.

पैसे नाहीत हे मलाही कळतं. पण स्वस्त कुठे घ्यायचं हे ठरवता येतं. हातोडी, टॉमी, स्क्रू ड्रायव्हर साधे चालतील. पाने मात्र चांगल्या पोलादाचेच घ्यायचे. आपल्या नाशिकच्या सातपूरला तपारियाचा कारखाना आहे, तसली नाव कोरलेली हत्यारं तालुक्यालाही मिळतात. रिंग पाना नटाचे सगळे कोपरे धरतो, फिक्स पाना दोनच बाजू धरतो, म्हणून आधी रिंग. आणि लक्ष दे, ८ पान्यांचा सेट बहुधा २०-२२ वर संपतो. १२ चा ३०-३२ पर्यंत जातो आणि दोन-तीन हजारांत बसतो. तेही जमत नसेल तर अख्खा सेट घेऊच नकोस. गाडीखाली झोप, वहीत नट मोजून लिही, लागतील तेवढेच सुटे घे. गोट्या घेतल्यास तर अर्धा इंची दांड्याच्या आणि सहा कोनी, बारा कोनी गोटी झिजलेल्या नटावर घसरते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी जुने घडीव पाने मिळतात, पण जाताना खिशात नवा नट ठेवून त्यावर बसवून बघायचं.

जॅकच्या बाबतीत घासाघीस करायची नाही. त्याखाली माणूस झोपलेला असतो. चाकाला लावायला लाकडी ठोकळे ठेव, म्हणजे दगड शोधावे लागणार नाहीत. (दगड लावून, काम झाल्यावर ते रस्त्यातच सोडून जाणाऱ्यांवर एक वेगळा लेख लिहायचाय. असो.)

काल रात्री पुन्हा फोन. नट मोजलेत म्हणे. वहीतलं वाचून दाखवलं, १३, १७, १९, २४, ३०... मग थोडा थांबून म्हणाला, "मामा, आप्पांचा तो मोठा पाना कुठाय?"

बाल्कनीत आहे, कुंड्यांच्या मागे. मी मधूनमधून तेल लावतो. शनिवारच्या एसटीने पाठवतोय.