उसाच्या फडातील तान्ही मुले

दिवाळी आटोपली की शिर्डीहून राहात्याकडे, लोणीकडे आणि कोपरगावकडे जाणाऱ्या रस्त्यांवर साईदर्शनास निघालेल्या यात्रेकरूंच्या मोटारींबरोबरच बीड, पाथर्डी, शेवगाव या दुष्काळी भागांतून ऊसतोडीसाठी येणाऱ्या टोळ्यांच्या बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होते. याच मुलखात, प्रवरेकाठी लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि ते सांगण्याजोगेही आहे. परंतु त्या सहकाराच्या दफ्तरात ज्यांच्यासाठी रकानाच आखला गेला नाही, अशी तीन वर्षांखालील मुले त्या गाड्यांत, भांड्याकुंड्यांच्या आणि अंथरुणांच्या मधोमध बसलेली असतात.

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा या धंद्याचा हिशेब आहे. टोळी जमविणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असल्यामुळे जोडीतील बाईला पहाटेच्या अंधारातच फड गाठावा लागतो, आणि मग अंगावर पिणारे मूल बांधावरच्या झोळीत किंवा खोपीत, बहुधा आठनऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या स्वाधीन होते. ज्यांना ते पाहवत नाही असे आईबाप मुलाला गावी आजीपाशी ठेवून येतात. दोन्ही मार्ग नाइलाजाचे आहेत, आणि त्यांपैकी कोणताही पत्करणाऱ्या आईच्या मायेविषयी शंका घेण्याचा अधिकार, साखर गोड मानून खाणाऱ्या आपणांपैकी कोणालाही नाही.

तथापि मुलाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेसाठी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जो अहवाल लिहिला, त्यात अन्न, वस्त्र व औषध मिळूनही मायेच्या माणसाचा स्थिर सहवास न लाभलेली मुले कशी कोमेजतात, याचे विवेचन आहे. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण करून दाखविले. आईपासून दुरावलेले मूल प्रथम आक्रोश करते, नंतर खिन्न होते, आणि अखेरीस अलिप्त होऊन शांत दिसू लागते, असा त्यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होता. या तिसऱ्या अवस्थेकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण रडणे थांबले म्हणजे मूल रुळले, अशी आपली सर्वांची समजूत असते; हंगाम संपवून परतलेल्या आईकडे पाठ फिरवून आजीच्या पदराआड लपणाऱ्या मुलाकडे पाहून घरची माणसे हसतात, पण त्या पाठमोऱ्या मुलाने सहा महिन्यांत पुष्कळ काही सोसलेले असते.

आजीचा लळा खोटा असतो, असे मात्र मुळीच नाही. मूल एकाहून अधिक माणसांशी दृढ नाते जोडते, हे पुढील संशोधनाने सिद्ध केले आहे, आणि आपल्या एकत्र कुटुंबांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. आघात होतो तो माणसे वारंवार पालटल्याने : दिवाळीनंतर आई तुटते, आणि पुढच्या वर्षी मुलाला फडावर नेले की आजी तुटते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. परंतु तेथील शाळापूर्व शिक्षण तिसऱ्या वर्षापासूनचे, आणि त्याखालच्या मुलाच्या वाट्याला मुख्यतः वजनकाटा, लस व घरी न्यावयाचा आहार एवढेच येते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघराची सक्ती केली, पण ती कारखान्यातील स्त्रीकामगारांपुरती. तोडणीची बाई मुकादमामार्फत आलेली, तिचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, आणि तिचे काम फाटकापासून कित्येक कोस दूर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी अलीकडे वसतिगृहे मंजूर झाली, तीही शाळेत जाणाऱ्यांसाठीच.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना, मुले शाळेत येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावला नाही. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. तोच न्याय फडाला लावावा. त्यासाठी इमारतीची मंजुरी व उद्घाटनाची तारीख यांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक टोळीतील मुलांच्या ओळखीची एखादी बाई कोयत्यातून मोकळी करावी, तिला हंगामभर तोडणीइतकाच रोज कारखाना व ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांनी मिळून द्यावा, मुलांना पाजण्यासाठी आयांना दिवसातून दोनदा सुट्टी मिळावी, आणि ही बाई मध्येच बदलली जाऊ नये. पुढल्या दिवाळीला टोळी परत येईल, तेव्हा शक्य तोवर तीच बाई टोळीबरोबर यावी.