कवडीलाही इतिहास असतो (थ्रेड)

१/ तुळजापूरच्या महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा दुकाने आहेत. हळद-कुंकू, परड्या, पोत, बांगड्या आणि दोऱ्यात ओवलेल्या कवड्यांच्या माळा. भाविक ती माळ घेतात, देवीच्या पायरीला लावतात, गळ्यात घालतात. मात्र तुळजापूरचा इतिहास सांगा म्हटले की आपल्याला एकच वस्तू आठवते: तलवार. आजचा थ्रेड या सवयीविरुद्ध आहे.

२/ आधीच स्पष्ट करते. १६५९ ची अफझलखानाची स्वारी, सभासदाने १६९० च्या दशकात लिहिलेल्या बखरीतील तुळजाभवानीच्या मूर्तिभंगाचा उल्लेख, शिवछत्रपतींची भवानीवरील निष्ठा हे गंभीर अभ्यासाचे विषय आहेत आणि राहतील. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही. इतिहास तेवढ्यावरच संपवण्यावर आहे.

३/ लंडनच्या राजसंग्रहातील तलवार 'भवानी' की 'जगदंबा', हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो आहोत. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० च्या दशकाच्या आरंभी ती परत आणण्याची मोहीमही गाजली. उद्या याचा निर्णय लागला, तरी उत्तर एका ओळीचे असेल. त्या शतकात बालाघाटावरच्या बाजारात मूठभर मीठ कशाच्या बदल्यात मिळत होते, हे त्या ओळीत सापडणार नाही.

४/ माझ्या प्रबंधिकेसाठी मी 'कवडी' हा विषय मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ हसून म्हणाले, "कवडीला कोण विचारतो? एखादी मोहीम घ्या, एखादा किल्ला घ्या." माझी आजी आराधी होती. तिच्या गळ्यातली माळ मला त्या क्षणी आठवली. राग आलाच, पण त्याहून मोठा प्रश्न पडला. आपल्या भाषेत ही वस्तू तुच्छतेचे माप कधी झाली?

५/ तर मुळापासून पाहू. कवडी हा समुद्रातील गोगलगायीसारख्या जीवाचा शंख. बालाघाटापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. म्हणजे देवीच्या गळ्यातली ही वस्तू मुळात आयात माल आहे. तिचा सर्वांत मोठा पुरवठादार होता हिंदी महासागरातील मालदीव द्वीपसमूह. दहाव्या शतकातील अरब लेखक अल-मसूदी सांगतो की तिथले लोक नारळाच्या झावळ्या पाण्यावर तरंगत ठेवत. कवड्या त्यांना चिकटत आणि मग त्या वाळवल्या जात.

६/ "आमच्या दुष्काळी मुलखाचा समुद्राशी काय संबंध?" असे ज्यांना वाटते, त्यांनी याच जिल्ह्यातल्या तेरला जावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तेरचा उल्लेख 'तगर' म्हणून येतो. इथले कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जाई. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीच्या जातकुळीतली आहे. हा मुलूख जगाशी जोडलेला होता. नकाशा आपण आखडून घेतला.

७/ आता व्यापार पाहा. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता. तो लिहितो की तिथे सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, भाव उतरला की बारा लाखही. त्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. पुढे हाच माणूस पश्चिम आफ्रिकेतील मालीला पोहोचला. तिथे त्याने दिनाराला १,१५० कवड्या असा भाव पाहिला. सुमारे साडेतीनशे पट फरक! 'अंतराने किंमत घडते' हा धडा याहून स्वच्छ कोणते पुस्तक देईल?

८/ आपल्याकडचा पुरावा तर शाळेच्या पाटीवरचा आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' (११५०) सुरू होते तीच नाण्यांच्या कोष्टकाने. २० वराटक म्हणजे १ काकिणी, ४ काकिणी म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. हिशोब करा: एका पणाच्या ८० कवड्या, एका द्रम्माच्या १,२८०. गणिताच्या थोर ग्रंथात संपत्तीची मोजणी कवडीपासून सुरू होते.

९/ हे आकडे लक्षात ठेवा आणि पाच शतके पुढे या. शिवकाळात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए नोंदवतो की समुद्राजवळ एका पैशाला ८० पर्यंत कवड्या मिळतात. आत जावे तसे त्या कमी होतात, आग्र्यात ५०-५५ च. अफझलखान वाईकडे निघाला त्याच काळातला हा बाजारभाव. आपण खानाच्या फौजेचा आकडा तोंडपाठ करतो. त्या फौजेमागच्या बाजारात माणसे सुटे पैसे म्हणून काय वापरत, हे विचारत नाही.

१०/ आणखी शंभरेक वर्षांनी, १७७० च्या दशकाच्या अखेरीस, रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनीचा अधिकारी सिल्हेटला रुजू झाला. तिथला सारा कवड्यांत भरला जाई आणि नावांत भरून ढाक्याला न्यावा लागे. त्याने दिलेला भाव: रुपयाला ५,१२० कवड्या. म्हणजे बरोबर १,२८० ची चौपट, ८० ची चौसष्टपट. लीलावतीतले कोष्टक सहाशे वर्षांनंतरच्या करवसुलीत असे ओळखू येते. हा आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

११/ आता या इतिहासाची काळी बाजू. सतराव्या-अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज कंपन्या मालदीवच्या कवड्या जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरून युरोपला नेत. तिथे त्यांची विक्री होई. पुढे त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचत आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. आपण जिला पूज्य मानतो, त्याच वस्तूने गुलामांच्या बाजारात किंमत मोजली गेली. हे सांगितल्याने देवीची माळ बाटत नाही. जग किती गुंतलेले आहे एवढेच कळते.

१२/ आणि हा मराठ्यांचाही इतिहास आहे. १७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. तिथे साऱ्याचा हिशोब कवड्यांत, 'काहाण' या मापाने होई. एक काहाण म्हणजे पुन्हा १,२८० कवड्या! कंपनीने प्रांत घेतला आणि सारा चांदीच्या रुपयांत मागितला. शेतकऱ्याच्या घरातली शिल्लक एका हुकुमाने घसरली. १८१७ मध्ये खुर्द्याला बक्षी जगबंधूंच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला. हिरावलेल्या जमिनी आणि मिठाची महागाई यांच्याबरोबर हेही त्याचे एक कारण होते.

१३/ आता मराठी शब्दांकडे वळा. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी. 'पैसे' या अर्थी कवडी बोलीत आहे, म्हणजे ती बाजारात होती. पण तिने व्यवहार करणारा माणूस नेहमी गरिबातला गरीब होता. हुंडी सावकाराची, होन दरबाराचा, कवडी भाजीवालीची. नाणे तिजोरीतून उतरले की त्याची बखर होते. कवडी चलनातून गेली तेव्हा तिची फक्त शिवी उरली. आपला अभ्यासक्रमही हीच उतरंड चालवतो.

१४/ बाजाराने टाकलेली कवडी सांभाळली कोणी? आराध्यांनी, गोंधळ्यांनी, देवीच्या भोप्यांनी. लमाण बायांनी ती पेहरावावर टाकली. कवडीला बाजारात किंमत उरली नाही, तरी गळ्यात तिचा मान टिकला. मोल म्हणजे नेमके काय? वस्तूत असते, देवाणघेवाणीत असते, की श्रद्धेत? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न परदेशी नावांनी शिकवला जातो. आजी परडी घेऊन जोगवा मागे, तेव्हा ती हाच प्रश्न दारोदार नेत होती. घरी दाणे असतानाही मागायचे, कारण मागण्याने अहंकार उतरतो. एकनाथांनी जोगव्याचे रूपक करून त्यात अध्यात्म मांडले, ते उगीच नाही.

१५/ आक्षेप पहिला: "हे अर्थशास्त्र झाले, समाजशास्त्र झाले, इतिहास कुठे आहे?" दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. त्यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलून त्यांच्या झिजेवरून काळाचा अंदाज बांधला, आणि पुण्याभोवतीच्या रानवाटा पायी तुडवून देवींची ठाणी अभ्यासली. त्यांना कोणी 'तुमचा पेपर कोणता?' असे विचारले नाही. विषयांच्या भिंती विद्यापीठाच्या वेळापत्रकात असतात. जगणाऱ्या माणसाच्या एका दिवसात बाजार, जात, देव आणि राजा एकत्रच येतात.

१६/ आक्षेप दुसरा: "अशा इतिहासातून अभिमान वाटत नाही." खरे आहे. गुलामांच्या खरेदीची हकिकत वाचून छाती फुगत नाही. पण ज्या इतिहासातून फक्त अभिमानच मिळतो, तो आपण निवडून घेतलेला असतो, आणि निवडताना काय वगळले हे लपवलेले असते. वगळलेल्यांत माझी आजी आहे. बहुधा तुमचीही असेल.

१७/ आक्षेप तिसरा, आणि हाच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: "तलवारीचा थ्रेड लाखोंपर्यंत जातो, कवडीचा कोण वाचेल?" मीही तलवारीचे थ्रेड लिहिले आहेत आणि त्यांचे आकडे पाहून सुखावले आहे. म्हणून हे इतरांना सुनावण्याआधी स्वतःला सुनावते. वाचकाला एकच चव लावायची आणि मग 'त्याला हेच आवडते' म्हणायचे, ही आपली, लिहिणाऱ्यांची लबाडी आहे.

१८/ घाईचे कारणही आहे. तलवार काचेच्या पेटीत आहे; ती कुठे जात नाही. आराध्यांची गाणी, माळेत किती कवड्या आणि का याविषयीचे घराघरांतले नियम, माळ कोणी कोणाच्या गळ्यात घालायची हा रिवाज, हे सारे माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे म्हातारी होत आहेत. आजी गेली तेव्हा माझ्याकडे तिची माळ आली. ती माळ तिला कोणी घातली, हे मी कधी विचारलेच नव्हते.

१९/ म्हणून एक विनंती. यंदा कोजागरीला सोलापूरहून चालत येणाऱ्यांत तुम्ही असाल, किंवा नवरात्रात दर्शनाच्या रांगेत असाल, तर माळ घालून बसलेल्या एखाद्या मावशीजवळ दहा मिनिटे बसा. माळ कोणी घातली, कधी, कशासाठी, तेव्हा काय दिले-घेतले, एवढे विचारा. परवानगी घेऊन लिहून ठेवा. तारीख आणि गाव टाका. इतिहासाचे साधन असेच तयार होते.

२०/ आणि परत येताना दुकानातून एक कवडी घ्या. तळहातावर पालथी घालून तिची दातेरी फट पाहा. भाव मात्र विचारून घ्या, आणि तोही वहीत लिहा.